एकेचाळीस नंबरची बरणी

३ जून

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू मनात म्हणाली असशील, बाबूला काहीतरी हवंय. हवंयच. उगाच इकडचं तिकडचं लिहून तुझा वेळ कशाला घेऊ?

शाळांसाठी पुस्तकं निवडणाऱ्या समितीनं मला नवीन काम दिलंय. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी, पाठीला कणा नसलेल्या प्राण्यांवर. सगळे मुख्य गट, त्यांची लक्षणं, सोप्या भाषेत. मी हो म्हणून बसलो आणि घरी आल्यावर लक्षात आलं, आपल्याला गांडूळ आणि झुरळ सोडून यातलं कोणी ओळखीचं नाही. माझी आधीची पुस्तकं ग्रहताऱ्यांची. तारे चावत नाहीत, वास मारत नाहीत, हे माझ्या पथ्यावर पडलं होतं.

पण तू आहेस ना! पस्तीस वर्षं कॉलेजातली ती नमुन्यांची खोली सांभाळतेस, त्याआधी अप्पांनी सांभाळली. तू फक्त टिपणं पाठव, गटागटानं. भाषेचं मी बघतो. पहिल्याच पानावर माझ्या नावाखाली तुझं नाव छापीन, आईशप्पथ.

अप्पा बरे आहेत. डोळे आता पूर्ण गेले, पण कान शाबूत आहेत. दुपारी खिडकीशी बसतात आणि मला लिहिलेलं वाचून दाखवायला सांगतात. पोराचं पुस्तक त्यांच्या विषयावर येतंय म्हणून स्वारी खूश आहे.

लवकर पाठव.

तुझा,
बाबू


११ जून

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझ्या नावाची वेलांटी पुन्हा पहिली काढलीस. दुसरी आहे. शाळेत होतास तेव्हापासून सांगतेय. तुझ्या एवढ्या पुस्तकांत कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं मला सापडलं नाही, बहिणीच्या नावाशीच काय वैर आहे?

टिपणं पाठवते. माझी अट एकच, तूच कबूल केलेली. नाव. बाकी मला काही नको. चिठ्ठ्या लिहिण्यात आयुष्य गेलं, पण अप्पांच्या काळच्या एकाही बरणीत 'नमुना कोणी तयार केला' या रकान्यात माझं नाव नाही. निम्मे नमुने मी कापलेत, मी भरलेत. नाव अप्पांचं. तेव्हा तसंच चालायचं. एकदा छापील पानावर नाव बघायचंय आणि अप्पांनी ते ऐकायचंय, त्यांचे कान आहेत तोवर. म्हणून त्यांना वाचून दाखवशील तेव्हा सांग, हे ताईचं आहे.

आता कामाचं. सगळ्यात खालच्या फळीवर स्पंज, म्हणजे रंध्रीय प्राणी. अंगभर भोकं. बारीक भोकांतून पाणी आत, मोठ्या भोकातून बाहेर, आणि वाटेत जे मिळेल ते जेवण. तोंड नाही, पोट नाही, काळीज तर नाहीच. जिवंत स्पंज बारीक कापडातून पिळून काढला, तर त्याच्या पेशी पाण्यात एकमेकींना शोधत परत गोळा होतात. मुलांना हे आवडेल. माणसांच्या घरात असं होत नाही हे त्यांना नंतर कळेलच.

त्यावरच्या फळीवर जेलीफिश, हायड्रा, प्रवाळ. यांच्या पोटाला दार एकच. जेवण त्यातूनच आत आणि घाणही त्यातूनच बाहेर. तोंडाभोवती हातांसारखे सोंडांचे झुबके आणि त्यात डंख मारणाऱ्या पेशी. जेलीफिश मेलेला दिसला तरी डंख जिवंत असतो. दहा वर्षांपूर्वी मला बसला होता, तेव्हा तू फोनवर हसला होतास.

बरणीतली चिठ्ठी नेहमी पेन्सिलनं लिहायची, हेही लिही. शाई स्पिरिटमध्ये विरघळते. चार महिन्यांत नाव नाहीसं होतं आणि पाणी निळं होतं.

ताई


२९ जून

ती. ताईस,
सा. न.

काय लिहिलंयस! मी तसंच्या तसं... म्हणजे जवळजवळ तसंच घेतलं. कापडातून पिळलेला स्पंज तर अप्पांना इतका आवडला की दोनदा वाचायला लावला. वाचून झाल्यावर माझा हात चाचपून हातात घेतला आणि म्हणाले, "पोरानं नाव काढलं." डोळ्यांत पाणी होतं गं त्यांच्या.

अशा वेळी कसं सांगणार? मी सांगणारच आहे, पण जरा निवांत बघून. शहाऐंशी वर्षांचा माणूस, एकदम धक्का नको.

आता जंत पाठव. जंतांचे म्हणे तीन वेगवेगळे गट आहेत. मला तर सगळे सारखेच.

तुझा,
बाबू

ता. क. वेलांटीचं लक्षात ठेवीन.


१० जुलै

चि. बाबूस,
आ.

लक्षात ठेवलं नाहीस. पोस्टमनसुद्धा आता हसतो.

आणि धक्का कसला रे? पोरीनं लिहिलं हे ऐकून शहाऐंशी वर्षांत कोणी मेल्याचं मी तरी ऐकलं नाही. सांग त्यांना.

तीन गट असे. पहिले चपटे. यांत पट्टकृमी, अंगानं फितीसारखा, डोक्यावर आकडे आणि चोषक. याला तोंडही नाही आणि आतडंही नाही. गरजच काय? दुसऱ्याच्या आतड्यात बसायचं आणि दुसऱ्यानं चावलेलं, दुसऱ्यानं पचवलेलं जेवण अंगानं शोषून घ्यायचं. मग वाढायचं, मीटर मीटर. यजमान वाळत जातो.

दुसरे गोल. दोन्ही टोकांना निमुळते, गुळगुळीत. यांना तोंड आणि शेवट दोन्ही आहेत, म्हणजे निदान आलेलं बाहेर तरी पडतं.

तिसरे वलयांकित, म्हणजे अंगावर कड्यामागून कडी. गांडूळ यांतलंच, आणि सगळ्यांत तेवढं एकच कष्टाचं खातं. जळूही यांचीच. जळू चावते तेव्हा काही कळत नाही, हे मुलांना नक्की सांग. ती रक्त गोठू नये असं काहीतरी आधी सोडते आणि मग निवांत पिते. गळून पडली की मग माणूस पाय बघतो.

तुझ्या मागच्या पत्रातलं "काय लिहिलंयस!" वाचून मला छान वाटलं होतं. मग मी पाय बघितला.

चेष्टा केली. पुढचे गट पाठवतेच. पण अप्पांना सांगितल्याचं उत्तर आलं की.

ताई


२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

घाईत आहे. सोबत पेपरातलं कात्रण पाठवतोय. जंतांचं प्रकरण रविवारच्या पुरवणीत आलं, वर माझी छोटी मुलाखतही आहे. फोटोत पोट जरा जास्त दिसतंय, तिकडे बघू नकोस.

एक सांगायचं होतं. प्रकाशक म्हणतात, मुलांच्या पुस्तकावर दोन नावं बरी दिसत नाहीत, गोंधळ होतो. तेव्हा तुझं नाव आभाराच्या पानावर घेतो. तिथे उलट उठून दिसेल. अप्पांना अजून बोललो नाही. ते सारखं सगळ्यांना सांगत असतात, मुलगा माझ्या वळणावर गेला. त्यांचा आनंद मोडवत नाही.

उरलेले तीन गट लवकर दे गं. तू म्हणजे माझा कणा आहेस. (बघ, विषयाला धरून बोललो!)

बाबू


९ ऑगस्ट

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

कात्रण वाचलं. एक स्वल्पविरामही हलवला नाहीस, याबद्दल आभार. भाषेचं तू बघणार होतास, ते बघितलंस.

मुलाखतीत म्हणतोस, "लहानपणी वडिलांच्या खोलीत बरणी न् बरणी मी स्वतः उघडून पाहिली आहे." मला आठवतं ते असं की, खोलीच्या दारात आलं की तू नाक दाबून पळायचास. पण मी म्हातारी होत चालले. माझं चुकत असेल. आभाराचं पानही चालेल. अप्पांच्या आनंदाचं तू म्हणतोस ते खरंच आहे. माझा राग नाही.

तर उरलेले तीन.

संधिपाद: पायांना सांधे, अंगावर कडक कवच. कवच वाढत नाही, म्हणून ते फोडून बाहेर यायचं, मऊ अंगानं लपून बसायचं आणि नवं कडक व्हायची वाट बघायची. किडे, कोळी, विंचू, गोम, खेकडे, कोळंबी. जगातले बहुतेक प्राणी हेच. बाकीचे आपण पाहुणे.

कंटकचर्मी: कातडीवर काटे, पाचाच्या हिशेबानं बेतलेलं अंग, घर फक्त समुद्रात. तारामासा शिंपला जरासा उघडतो आणि स्वतःचं पोटच तोंडातून बाहेर काढून त्यात घालतो. घरात शिरून जेवण्याची ही त्याची रीत.

मृदुकाय: अंग मऊ, बहुतेकांना कवच. गोगलगाय, कालवं, शिंपले, माकुल, आणि ऑक्टोपस, ज्याला कवच नाही. यांतच बार्नाकल घाल. खडकावर, नावांच्या तळाला चिकटलेले ते छोटे चुन्याचे डोंगर. एकेचाळीस नंबरची बरणी. चिठ्ठीवर अप्पांच्या हातचं आहे: 'बार्नाकल, मृदुकाय.' तू बरणी न् बरणी उघडली आहेस, तेव्हा ही आठवतच असेल. याच्यावर एक अख्खं पान लिही, चित्र काढून घे. अप्पांची ही फार लाडकी बरणी.

माझं नाव आभारात घालताना दुसरी वेलांटी.

ताई


२० डिसेंबर

ती. ताईस,
सा. न.

पुस्तक आलं! समारंभ झाला, हार झाले, भाषणं झाली. अप्पांना खुर्चीवर बसवून नेलं होतं. पुस्तक मांडीवर घेऊन पान न् पान हातानं चाचपत होते. मंडळी रडायची बाकी होती.

आणि ऐक. घरी आल्यावर त्यांनी मृदुकायांचं प्रकरण वाचून घेतलं. बार्नाकलचं पान तीनदा. म्हणाले, "बघ, शेवटी छापून आलं. मी बरोबरच होतो." काय ते मला कळलं नाही, पण त्या दिवशी जेवले दोन घास जास्त.

आता एक वाईट बातमी, पण तू समजून घेशील. आभाराचं पान शेवटच्या क्षणी गळलं. पानांची संख्या जमत नव्हती. पुढच्या आवृत्तीत तुझं नाव नक्की. माझा शब्द आहे.

जूनपासून सगळ्या शाळांत जाणार!

बाबू


२ जानेवारी

बाबू,

बार्नाकल मृदुकाय नाही.

तो संधिपाद आहे, खेकड्या-कोळंबीच्या घरचा. वरचं चुन्याचं कवच बघून माणूस फसतो. कवच उघडलं की आत सांध्यासांध्यांचे सहा जोड पाय दिसतात. पिल्लू असताना मोकळं पोहतं. मग एक दिवस डोकं खडकाला चिकटवतं आणि जन्मभर तिथेच, खाली डोकं वर पाय, पायांनी पाणी ढवळून जेवत राहतं. ज्यानं ती बरणी एकदा तरी उघडली त्याला हे चुकणं शक्य नाही. तू उघडली नव्हतीस. ते आता तुझ्याच पुस्तकात, चित्रासकट, अख्ख्या पानावर छापलंय.

हो, मुद्दाम केलं. ऑगस्टात पत्र लिहिताना हात जरासुद्धा थरथरला नाही.

अप्पा "मी बरोबरच होतो" का म्हणाले ते सांगते. मी एकोणीस वर्षांची होते. एकेचाळीस नंबरची बरणी धुवायला काढली, एक बार्नाकल फोडला आणि आतले पाय बघून नाचत अप्पांकडे गेले. म्हटलं, अप्पा, चिठ्ठी चुकली आहे. त्यांच्या हातात लोखंडी चिमटा होता. तो माझ्या बोटांवर मारला आणि म्हणाले, "माझ्या चिठ्ठीला हात लावायचा नाही." करंगळीजवळ व्रण अजून आहे. तेव्हापासून चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात मी त्या बरणीतलं स्पिरिट बदलते आणि चुकीची चिठ्ठी परत आत सोडते. लोकांना बाप दिसतो, मला ती चिठ्ठी दिसते. तरी तीच नीट ठेवत आले, कारण त्यांच्या हातचं जे काही माझ्याकडे आहे, ते एवढंच.

आता तू ठरव. अप्पांना सांग की पुस्तक ताईचं आहे. तेवढं केलंस तर समितीला मी स्वतः लिहीन की टिपणात माझी चूक झाली. नाही केलंस तर जूनपर्यंत गप्प बसते. शाळांत जीवशास्त्राचे शिक्षक असतात.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

जूनपर्यंत थांबावं लागलं नाही. कुठल्याशा शाळेतल्या एका बाईंनी पेपरात पत्र लिहिलं. 'मुलांना शिकवणाऱ्यांनी आधी शिंपला उघडावा' असं शीर्षक. तीन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. सख्ख्या भावासाठी सापळा लावताना तुझा हात थरथरला नाही म्हणतेस. वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. स्पिरिटमध्ये राहून माणूस असाच होत असेल.

पण मी काही खडकाला चिकटलेला नाही. समितीला कळवलं की माहिती मी मनानं लिहिलेली नाही. कॉलेजच्या नमुन्यांच्या खोलीतल्या अधिकृत चिठ्ठीवरून घेतली. समितीला ते पटलं. पुस्तक मागे घेणार नाहीत. पण ते खोली बघायला येतायत, तुझे प्राचार्यही बरोबर असतील.

तू फक्त खरं सांग. चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेव. अप्पांचं अक्षर सगळं कॉलेज ओळखतं. मग पेपरात येईल की साठ वर्षं ज्यांना गुरू मानलं त्यांना खेकडा आणि गोगलगाय यांतला फरक कळत नव्हता. शहाऐंशीव्या वर्षी. मी काय करणार, मी तर वडिलांवर विश्वास ठेवला.

किंवा दुसरं काहीतरी सांग. तुला जमतं.

बाबू


८ मार्च

चि. बाबूस,
आ.

मंडळी परवा आली. समितीचे दोघे आणि प्राचार्य. प्राचार्यांनी दारातूनच रुमाल नाकाला लावला तेव्हा तुझी आठवण आली.

ते येणार म्हणून आदल्या दिवशी दुपारी मी एकेचाळीस नंबरची बरणी उघडली. अप्पांची चिठ्ठी चिमट्यानं बाहेर काढली, टीपकागदावर वाळवली आणि माझ्या पाकिटात ठेवली. मग तसाच कागद कापून त्यावर पेन्सिलनं तेच शब्द माझ्या अक्षरात लिहिले. 'बार्नाकल, मृदुकाय.' लिहिताना जीव जात होता. चाळीस वर्षं जे चूक आहे म्हणून माहीत आहे, ते स्वतःच्या हातानं लिहिलं आणि बुडवून झाकण लावलं.

समितीच्या माणसानं चिठ्ठी उजेडात धरली आणि विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

मी म्हटलं, "मी."

"तुमच्या वडिलांच्या काळातली बरणी दिसते."

"बरणी त्यांची. त्यांची चिठ्ठी बरोबर होती. जीर्ण झाली म्हणून मी बदलली, तेव्हा चुकले."

प्राचार्यांना आनंद लपवता आला नाही. दोन वर्षांपासून त्यांना ही खोली संगणकांसाठी हवी होती. एक एप्रिलपासून मी घरी. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. बरण्या ओतून टाकणार आहेत, कारण आता कुठल्याच चिठ्ठीचा भरवसा नाही म्हणाले.

हे मी तुझ्यासाठी केलेलं नाही, गैरसमज नको. सुरुवात मीच केली, तेही कबूल. तुझ्यासाठी खणलं आणि अप्पा काठावर उभे आहेत हे मला दिसायला हवं होतं. माझी लाज मला वाटते, ती तुला सांगून हलकी करणार नाही.

तुझ्याकडे आता एकच मागते. नाव नको. पुस्तक तुझं, अगदी तुझंच. पण अप्पांना यातलं काही कळू देऊ नकोस. त्यांची चिठ्ठी बरोबर होती असं समजूनच त्यांना जाऊ दे. एवढं कर.

ताई


३० मार्च

ती. ताईस,
सा. न.

अप्पा सव्वीस तारखेला सकाळी गेले. त्रास झाला नाही. सगळं आटोपलं. तुला कळवलं नाही, त्याचं कारण पुढे येईल.

तू म्हणालीस तसं मी काहीच सांगणार नव्हतो. पण पंधरा तारखेला पेपरात बातमी आली आणि शेजारचे कोणी येऊन बोलून गेले. अप्पांनी मला पेपर वाचायला लावला. मी वाचला. फक्त वाचला, त्यात माझा एक शब्दही नाही. 'संग्रहालयाच्या रक्षक बाईंनी वडिलांची मूळ अचूक चिठ्ठी बदलून चुकीची लावल्याचं कबूल केलं', असं होतं.

अप्पांनी विचारलं, "म्हणजे बार्नाकल मृदुकाय नाही?" मी म्हटलं, नाही, संधिपाद. मग म्हणाले, "मी संधिपादच लिहिलं होतं. मला पक्कं आठवतं. तिला चाळीस वर्षांपूर्वी बजावलं होतं, माझ्या चिठ्ठीला हात लावू नकोस. लावलाच शेवटी."

त्यांना खरंच तसं आठवत होतं गं. मी कशाला खोडू? तूच लिहिलं होतंस, त्यांची चिठ्ठी बरोबर होती असं समजून जाऊ दे. तसेच गेले. तुझं मागणं पूर्ण झालं, फक्त जरा वेगळ्या वाटेनं.

शेवटचे चार दिवस जास्त होतं तेव्हा मी विचारलं, ताईला बोलावू का? त्यांनी हातानं नको अशी खूण केली. पुन्हा विचारलं तर भिंतीकडे तोंड केलं. आता त्यांचं मन मोडून तुला बोलावणं मला बरं वाटलं नाही.

दुसरी आवृत्ती निघाली. मी शब्द दिला होता तो विसरलेलो नाही. सोबत पान पाठवतोय.

तुझा,
बाबू

(सोबतची चिठ्ठी, छापील)
शुद्धिपत्र. पृष्ठ ६४ वर बार्नाकल हा प्राणी 'मृदुकाय' गटात दाखवला आहे. तो 'संधिपाद' वाचावा. ही चूक लेखकाची नसून, माहिती पुरवणाऱ्या लेखकाच्या भगिनी, कु. . . .
(पुढे ताईचं पूर्ण नाव, ठळक अक्षरांत.)


४ एप्रिल

बाबू,

पत्र मिळालं. शुद्धिपत्र मिळालं.

एक तारखेला बरण्या ओतल्या. मागच्या अंगणातल्या मोरीवर दोन माणसं बसवली होती. तारामासे, जळवा, विंचू, सगळं एका टोपलीत. वास तीन मजले चढला. मी एकेचाळीस नंबरची तेवढी पिशवीत टॉवेलात गुंडाळून घरी आणली. कोणी हटकलं नाही.

ती टेबलावर ठेवली आहे. माझ्या अक्षरातली चिठ्ठी काढून फाडली आणि अप्पांची परत आत सोडली. मला वाटलं होतं, वाळवल्यामुळे अक्षर पुसट झालं असेल. अजिबात नाही. 'मृदुकाय' स्वच्छ वाचता येतं. तुला आता त्याचा काही उपयोग नाही, अप्पांनाही नाही. मी एकटीनंच वाचायचं आहे.

मग तुझं शुद्धिपत्र कापून बरणीत बसेल एवढं केलं. 'कोणी तयार केला' हा रकाना चाळीस वर्षं मोकळा होता माझ्यापुरता. तो भरला. छापील नाव, ठळक, जसं हवं होतं तसं. सोडण्याआधी एकदा शेवटचं वाचून बघितलं.

वेलांटी पहिली आहे. मी पेन्सिलनं दुसरी केली.

ताई